कानातली शीळ आणि निसटणारे शब्द

गेल्या अंकात कानातल्या आवाजाबद्दल एका वाचकाला दोन ओळींचं उत्तर दिलं होतं. त्यानंतर आलेली पत्रं पाहून हे सगळं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. बहुतेक पत्रांत दोन तक्रारी आहेत. कानात आवाज येतो, ही कळकळीनं सविस्तर लिहिलेली. आणि थोडं कमी ऐकू येतं, ही जाता जाता, शेवटच्या ओळीत. मला वाटतं, सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करायला हवी. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासणं हे माझं काम. माझ्या डाव्या कानातही शीळ आहे आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. पुढची उत्तरं तपासणारी आणि तपासून घेणारी, अशा दोन्ही नात्यांनी लिहिली आहेत.

प्रश्न : वय ३८. तीन-चार महिन्यांपासून दोन्ही कानांत सतत बारीक ‘ईंऽऽ’ असा आवाज येतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून धोक्याचं काही नाही असं सांगितलं, ‘लक्ष देऊ नका’ म्हणाले. रात्र रात्र झोप नाही. आयुष्यभर हेच ऐकायचं असेल तर जगावंसं वाटत नाही. घरी कुणाला बोललेलो नाही.

उत्तर : तुमचं पत्र सगळ्यांत आधी घेतलं आहे. हे वाचून झालं की ज्या माणसाशी बोलणं तुम्हाला जमतं त्याला, मला लिहिलंत तसंच्या तसं सांगा. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ आजच घ्या. जगणं नकोसं झाल्याचा विचार जोर धरू लागला तर त्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा, आणि तोवर एकटे राहू नका.

कानाच्या दुखण्याला मनाचा डॉक्टर कशाला, असं वाटेल. टिनिटस, म्हणजे कानातला हा आवाज, किती मोठा आहे हे आम्ही मोजतो. हेडफोनमधून एक सूर ऐकवायचा, तो कमी-जास्त करत न्यायचा, आणि रुग्ण ‘हा, एवढाच’ म्हणाला की थांबायचं. ज्यांची झोप पार उडाली आहे त्यांचा आवाजही बहुतेक वेळा, त्या पट्टीत त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा १० डेसिबलच्या आतच वर भरतो. तेवढाच आवाज असलेली कितीतरी माणसं त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता दिवस घालवतात. हा फरक कानातला नाही. मेंदूनं त्या आवाजाला धोका मानलं की नाही, एवढ्यावर सगळं ठरतं. धोका मानला की मेंदू त्याच्यावर पहारा ठेवतो, पहाऱ्यामुळे झोप उडते, झोप नसली की भीती वाढते आणि भीतीनं पहारा आणखी कडक होतो. पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञांनी १९९० साली हे चक्र नीट मांडून दाखवलं. पुढे उपचारांची दिशा त्यामुळे बदलली.

हे चक्र तोडण्यासाठी आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो सीबीटी नावाच्या मानसोपचाराचा. आवाजाचा मोठेपणा त्यानं फारसा बदलत नाही. आवाज जाणवला की मनात जी वाक्यं उठतात, ‘हे कधीच संपणार नाही’, ‘मला वेड लागेल’, त्यांच्यावर तिथे काम होतं. सोबत झोपेवर वेगळा उपचार मागून घ्या. झोप सुधारली की पुष्कळांचा निम्मा त्रास उतरतो, हे मी पाहत आले आहे.

‘लक्ष देऊ नका’ हा सल्ला चांगल्या मनानं दिला जातो, पण तो पाळता येत नाही. एखाद्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवणं म्हणजे ती अजून आहे का हे सारखं तपासणंच. त्याऐवजी रात्री खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंख्याची घरघर किंवा पावसाचं ध्वनिमुद्रण, तुमच्या आवाजाच्या किंचित खाली राहील इतकं हळू लावा. तो आवाज पुरता बुडवून टाकायचा नाही. तो इतर आवाजांमधला एक होऊन राहू द्यायचा. पहिले काही महिने सर्वांत कठीण जातात आणि तुम्ही नेमके त्यांतच आहात. आज वाटतंय तेवढंच पुढेही वाटत राहील, असं मुळीच धरून चालू नका.

प्रश्न : वय ६३, निवृत्त शिक्षिका. दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी किरकिर. तपासणीत ‘वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी’ आलं म्हणून श्रवणयंत्र सुचवलं. पण मला ऐकू येतं! हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. मला आवाज बंद करायचा आहे, वाढवायचा नाही. मग यंत्र कशाला?

उत्तर : तुम्ही पाठवलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, समोर ठेवून लिहिते आहे. तुम्हीही तो हातात घ्या. आलेखात डावीकडे, खालच्या पट्टीत, २५० पासून १,००० हर्ट्झपर्यंत तुमची रेघ वर आहे, जवळजवळ निरोगी. २,००० ला उतार लागतो, ४,००० ला ती ५५ डेसिबलपर्यंत खाली येते आणि ८,००० ला ७० पर्यंत. बोलण्यातलं वजन, म्हणजे स्वर आणि ‘म’, ‘न’, ‘ल’ यांसारखी अक्षरं, डावीकडच्या भागात असतं. ते तुम्हाला छान येतं, म्हणून कुणी बोलतंय हे कळतं आणि आवाज पुरेसा मोठाही वाटतो. ‘स’ची सळसळ, ‘फ’ आणि ‘थ’मधली हवा, ‘ट’ आणि ‘ठ’ वेगळे करणारा तो बारीक फुंकार, हे सगळं उजवीकडे, उतारावर आहे. म्हणून ‘आठ’ की ‘साठ’ हे समजत नाही. शब्दांच्या कडा झडल्या की समोरचा माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो असंच वाटणार. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलींचं बोलणं निवृत्तीच्या आधीच समजेनासं झालं होतं का, ते एकदा आठवून पाहा.

हे होतं कशानं? आतल्या कानाच्या शंखात जन्मतः साधारण १५ ते १६ हजार केसपेशी असतात. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास आवाजाचा संदेश मेंदूला पोचवतात. बाकीच्या, बाहेरच्या ओळींतल्या, बारीक आवाज उचलून मोठा करतात. शंखाच्या दाराशी असलेल्या पेशी वरच्या पट्टीच्या, आणि झिजायला सुरुवात तिथूनच होते. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत.

आता किरकिरीकडे येऊ. वरच्या पट्टीतले संदेश यायचे थांबले, तरी ते घेणारा मेंदूचा भाग जागाच असतो. तो आपली संवेदनक्षमता वाढवत नेतो आणि मज्जातंतूंमधली नेहमीची, एरवी जाणवूही नये अशी हालचाल त्याला आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. हात गमावलेल्या माणसाला नसलेली बोटं दुखतात, तशातला हा प्रकार. म्हणून बहुतेकांची शीळ नेमकी त्याच पट्टीत असते जिथलं ऐकणं गेलेलं आहे. माझी ६,००० हर्ट्झच्या आसपास भरते आणि माझ्या ऑडिओग्राममधला खड्डाही तिथेच आहे. निरोगी कानही याला अपवाद नाहीत. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी उत्तम ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले.

म्हणजे तुम्ही ज्या शांततेच्या शोधात आहात तीच या किरकिरीला वाढवते, आणि उतारावर हरवलेले आवाज परत मेंदूपर्यंत पोचले की ती मागे सरते. श्रवणयंत्र तुमच्यासाठी एवढ्यासाठी आहे. तुमचं खालच्या पट्टीतलं ऐकणं चांगलं असल्यामुळे कान पूर्ण बंद करणारा साचा घेऊ नका. यंत्राच्या कानात जाणाऱ्या टोकाला भोकं असलेली मऊ टोपी घ्या, म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज जसेच्या तसे आत येतील आणि स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटणार नाही. यंत्र बसवून देणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘रिअल इअर मेझरमेंट करणार का?’ यात पडद्याजवळ एक बारीक नळी ठेवून, यंत्राचा आवाज तुमच्या कानात खरोखर किती पोचतो ते मोजतात. कंपनीनं ठरवलेल्या आकड्यांवर सोडून दिलेलं यंत्र पुष्कळदा नेमक्या वरच्या पट्टीतच कमी पडतं. मग माणूस म्हणतो, यंत्राचा उपयोग नाही. मला याची चीड येते, कारण दोष त्या माणसाच्या कानाला दिला जातो.

दोन्ही कानांना लावा, आणि दिवसभर लावा, कुणी नसतानाही. सुरुवातीला नळाचं पाणी, कागद, स्वतःची पावलं सगळं टोचेल. काही आठवड्यांत ते निवतं. सगळ्यांचीच किरकिर यंत्रानं थांबते असं नाही. काढल्यावर ती पुन्हा ऐकू येईलच. पण दिवसातले बारा-चौदा तास तिच्यावरचा पहारा उठतो, आणि नातवंडांचं बोलणं समजायला लागतं ते वेगळंच.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे. हळू बोललं तर ‘काय?’ म्हणतात, मोठ्यानं बोललं तर ‘ओरडतोस कशाला!’ म्हणून चिडतात. मशीन घेऊन दिलं, ते कपाटात पडून आहे. जेवताना आता गप्पच बसतात. सांगितलेलं विसरतात. आई म्हणते, ‘ह्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ काय करावं?

उत्तर : बाबा नाटक करत नाहीत, हे आईंना माझ्यातर्फे सांगा. बाहेरच्या ओळींतल्या केसपेशी गेल्या की हळू आवाज नाहीसे होतात, पण मोठे आवाज पूर्वीएवढेच मोठे लागतात. ऐकू न येणं आणि असह्य होणं यांच्यातली जागा आक्रसून जाते. आम्ही याला रिक्रूटमेंट म्हणतो. संगीतकार बेथोव्हननं जून १८०१मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला, फ्रांझ वेगेलरला, लिहिलेल्या पत्रात हेच आहे : कुणी हळू बोललं तर सूर ऐकू येतात पण शब्द कळत नाहीत, आणि कुणी ओरडलं की सहन होत नाही. कान रात्रंदिवस गुणगुणतात हेही त्यानं त्याच पत्रात लिहिलं आहे. तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

म्हणून आवाज वाढवू नका, अंतर कमी करा. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, आणि तोही न टोचता. दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलणं आजपासून बंद. समोर या, चेहरा उजेडात ठेवा, आधी ‘बाबा’ म्हणा, त्यांनी पाहिलं की मग बोला. शब्द सुटे, थोडे संथ. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. ‘साठ’ कळलं नाही तर ‘सहा आणि शून्य’ म्हणा. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे कधीही म्हणू नका. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त लागतं ते हे वाक्य. इतरांना कळलेली गोष्ट आपल्याला सांगण्याच्या लायकीची नव्हती, असा त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचतो. जेवताना ते गप्प का बसतात, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

विसरण्याबद्दल. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार नाही, ही पहिली शक्यता. दुसरी बाजूही खरी आहे : कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या अमेरिकेतल्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या लोकांना श्रवणयंत्रं दिली. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. यंत्र लावलं की स्मृती शाबूत, असा अर्थ मी काढणार नाही. कपाटातलं यंत्र बाहेर काढायला एवढं कारण मात्र पुरे आहे. बाबांना घेऊन पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे जा आणि ‘मोठे आवाज सहन होत नाहीत’ हे स्पष्ट सांगा. यंत्रात कमाल आवाजाची मर्यादा वेगळी ठरवता येते. बहुधा तीच राहून गेली आहे. सराव शांत खोलीत, एका माणसाशी गप्पा मारत सुरू करा. गर्दीचा समारंभ अगदी शेवटी.

प्रश्न : कानातल्या आवाजावर इंटरनेटवर गोळ्या, थेंब आणि ‘नस मोकळी करणारी’ तेलं दिसतात. त्यांनी फरक पडतो का?

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जिंको, मेलाटोनिन, झिंक आणि इतर पूरक गोळ्या टिनिटससाठी देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. कानात तेल तर घालूच नका. पडद्याला भोक असेल तर नवं दुखणं ओढवेल. मळ साठल्यामुळेही आवाज येतो आणि तो डॉक्टरांनी काढला की थांबतो, पण कापसाच्या काडीनं मळ आणखी आत ढकलला जातो. तुम्ही आधीपासून घेत असलेल्या औषधांची यादी मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा. मोठ्या मात्रेतलं ॲस्पिरिन, क्विनाइन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लाटिन, यांचा कानांवर परिणाम होतो. स्वतःहून काहीही बंद करू नका.

प्रश्न : उजव्या एकाच कानात ‘धप्-धप्’ असा आवाज येतो, नाडीच्या ठोक्याबरोबर. हेही टिनिटसच का?

उत्तर : नाव तेच, पण मार्ग वेगळा. ठोक्याच्या तालात येणारा आवाज पुष्कळदा खरोखरचा असतो, रक्तप्रवाहाचा. रक्तक्षय, थायरॉइड, कवटीतला वाढलेला दाब, रक्तवाहिनीतला दोष, यांपैकी काही आहे का ते पाहावं लागतं. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ताल नसला तरी, फक्त एकाच कानात सतत आवाज असेल किंवा एका कानाचं ऐकणं दुसऱ्यापेक्षा कमी असेल, तर एमआरआय सांगितला जातो. तोलाच्या नसेवरची गाठ नाही ना, एवढं पाहायचं असतं. ती क्वचितच सापडते आणि कर्करोगाची नसते.

या निमित्तानं सगळ्यांसाठी : सकाळी उठल्यावर किंवा एक-दोन दिवसांत अचानक एका कानाचं ऐकणं गेलं, तर ‘सर्दीनं दडा बसला असेल’ म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर स्टेरॉइड देतात आणि त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, तेही जितक्या लवकर तितका जास्त असतो.

प्रश्न : वय २२. मैफलींना आणि पार्ट्यांना गेल्यावर कानात शीळ वाजते, दुसऱ्या दिवशी जाते. तपासणी नॉर्मल आली. काळजी करू का?

उत्तर : करा, आणि आत्ताच. शीळ गेली म्हणजे इजा भरून निघाली असं नाही. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातल्या जोडण्या काही भागांत निम्म्यापर्यंत कायमच्या तुटतात. साध्या ऑडिओग्राममध्ये ते दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबानं ९५ डेसिबलला सव्वा तास उरतो, १०० ला जेमतेम वीस मिनिटं. आणि हे आठवड्याभराचं आहे. संगीतकार वापरतात तसे गाळणीचे इअरप्लग घ्या, त्यांनी सूर बिघडत नाहीत. स्पीकरपासून लांब उभे राहा. फक्त साध्या रस्त्यावर किंवा घरात प्लग घालून फिरू नका. शांततेत कोंडलेले कान आणखी हळवे होतात.

प्रश्न : ऑफिसात मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं हे कुणाला माहीत नाही. मीटिंगमध्ये अंदाजानं मान डोलावते. संध्याकाळी डोकं बधिर होतं आणि कानातला आवाज वाढतो. सांगावं का? बायकांना आधीच कमी लेखतात.

उत्तर : तुमचा शेवटचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही, तो खरा आहे. तरीही सांगा असंच म्हणेन. न आलेले शब्द संदर्भावरून भरून काढणं हे मेंदूचं कष्टाचं काम आहे आणि तुम्ही ते दिवसभर करता. संध्याकाळचा थकवा त्याचा आहे, आणि थकल्यावर टिनिटस जास्त जाणवतो. शिवाय अंदाजानं डोलावलेली मान एखाद्या दिवशी चुकीच्या गोष्टीला होकार देऊन बसेल. तेव्हा लोक तुमच्या कानांना दोष देणार नाहीत, तुमच्या कामाला देतील.

सगळ्यांना आजाराची गोष्ट सांगायची गरज नाही. काय हवं तेवढं मागा. भिंतीकडे पाठ करून, टेबलाच्या मधोमध बसा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतील. ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर अक्षरांत दाखवणारी सोय, चालू करा. विषयपत्रिका आधी लेखी मागा. विषय माहीत असला की निम्मे शब्द आपोआप जुळतात. दुपारी दहा मिनिटं एकटीनं, बोलणं नसलेल्या पण अगदी निःशब्दही नसलेल्या जागी बसा. ‘काय?’ असं विचारू नका, त्यानं समोरचा सगळंच पुन्हा, मोठ्यानं म्हणतो. जेवढं आलं तेवढं परत म्हणा : ‘अहवाल गुरुवारपर्यंत हवा हे कळलं, कुणाकडे पाठवायचा ते पुन्हा सांगाल?’ पहिल्यांदा सांगताना मी स्वतः वापरलेलं वाक्य देते, हवं तर उचला : ‘मला वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून बोललात तर सगळं समजतं.’